निर्दोष माणूस आत कसा जातो? वस्तीत, कोर्टाच्या कट्ट्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी मी कोण ते सांगते. सोलापुरात पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून काम करते, एमएसडब्ल्यू झालंय, वकील नाही. शिबिरं घेते, कोर्टात आलेल्या घरच्यांना कुठल्या खिडकीवर जायचं ते दाखवते, जबाबाची कॉपी वाचून सांगते. लोक तेच तेच विचारतात आणि मीही तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. क्रम वगैरे नीट नाहीये, जसं आठवलं तसं.

निर्दोष माणसाला शिक्षा झाली म्हणजे कोणीतरी पैसे खाल्ले असणार, दुसरं काय?

दर शिबिरात पहिला प्रश्न हाच. खाल्लेही असतील, नाही म्हणत नाही, आपण काय कालचे नाही. पण अभ्यास करणाऱ्यांनी जेव्हा अशा केसेस शेकड्याने उघडून बघितल्या तेव्हा जे सापडलं ते जास्त अवघड होतं, कारण बऱ्याच ठिकाणी कोणी लबाडी केलीच नव्हती. साक्षीदार प्रामाणिक होता आणि चुकीचा होता, तपास अधिकाऱ्यालाही मनापासून वाटत होतं की आपण बरोबर माणूस धरलाय.

अमेरिकेत १९९२ साली बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी इनोसन्स प्रोजेक्ट सुरू केला, जुन्या केसमधले डीएनए नमुने परत तपासायचे. २०२० पर्यंत तिकडे ३७५ जण डीएनएमुळे निर्दोष ठरले, काही तर फाशीच्या कोठडीतून बाहेर आले. त्यातल्या साधारण ६९ टक्के केसमध्ये साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता, आणि २९ टक्क्यांच्या आसपास केसमध्ये माणसाने न केलेला गुन्हा कबूल केला होता. (एका केसमध्ये दोन्ही असू शकतं, म्हणून बेरीज करत बसू नका.) वाईट माणूस असेल तर त्याला काढता येतो ओ, पण चांगल्या माणसाच्या हातून पद्धतीमुळे चूक होत असेल तर पद्धतच बदलावी लागते, आणि समाजशास्त्रवाले, मानसशास्त्रवाले उपयोगी पडतात ते इथंच.

डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं असेल?

आधी माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी गड्ड्याला, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला गेलो होतो, मी आणि आत्या, होम मैदानावर ही गर्दी. पाळण्याजवळ एका पोराने आत्याचं गंठण ओढलं. मी समोरच होते, दोन हातांवर. उजवा हात तिच्या खांद्यावर आला, ओढलं, आणि गर्दीत गायब. सगळं मिळून तीन-चार सेकंद. तक्रार दिली. दोन दिवसांनी बोलावलं आणि साहेबांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. एकच. "हाच ना?" मी बघितलं, डोळे तसेच वाटले, म्हणलं हाच असेल. "असेल का आहे?" मग म्हणलं आहे. "बरोबर ओळखलंत ताई, रेकॉर्डवरचाच आहे." बाहेर येईपर्यंत मला शंभर टक्के खात्री झाली होती, म्हणजे घरी येऊन मी सगळ्यांना त्याच्या भुवईवरच्या खुणेचं वर्णन करून सांगितलं. भुवईवरची खूण मी गड्ड्यात बघितलीच नव्हती, फोटोत बघितली होती, पण ते मला कळायला महिने लागले.

नंतर निघालं काय तर फोटो जुना होता, आणि त्या पोराचा उजवा हात संक्रांतीच्या आधीपासून प्लास्टरमध्ये होता, त्याच्या आईने दवाखान्याचं कार्ड आणून दिलं. सुटला तो, पण काही दिवस आत राहूनच. माझी त्यात कसलीही लबाडी नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि तिथंच तर सगळं अडतं.

आता शास्त्र काय म्हणतं ते. आठवण म्हणजे मोबाईलमधला व्हिडिओ नाही, दर वेळी काढताना ती परत रचली जाते आणि रचताना आजूबाजूचं काहीबाही त्यात मिसळतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि स्पीड विचारला. प्रश्नातला फक्त एक शब्द बदलला. "एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा" असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल, "एकमेकींना लागल्या तेव्हा" म्हणलं तर ३१.८. आठवड्याने विचारलं की काच फुटलेली बघितली का. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. पण चक्काचूरवाल्यांपैकी ३२ टक्के म्हणले हो बघितली, आणि "धडकल्या" असा साधा शब्द ऐकलेल्यांपैकी १४ टक्के. एका क्रियापदाने एवढा फरक, मग पोलीस ठाण्यात तासभर प्रश्न विचारल्यावर किती पडत असेल ते तुम्हीच बघा.

आणि ते "बरोबर ओळखलंत ताई"? त्यावरही प्रयोग झालाय. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड, १९९८. चुकीचा माणूस ओळखलेल्या साक्षीदारांपैकी काहींना नुसतं म्हणायचं की छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत. तेवढ्यावर त्यांची खात्री वाढली, इतकंच नाही तर आपण किती नीट बघितलं, चेहरा किती स्पष्ट दिसला होता, हेही ते वाढवून सांगायला लागले. तो पेपर वाचताना मला घाम फुटला होता.

पण साक्षीदार कोर्टात इतक्या खात्रीने सांगतो, जज पण तेच बघतात ना?

खात्री पहिल्या वेळची बघायची, कोर्टातली नाही. पहिल्यांदा ओळखताना, कोणी काही बोलायच्या आधी, साक्षीदार किती ठाम होता त्याला किंमत आहे. दोन-तीन वर्षांनी पिंजऱ्यात उभं राहून बोट दाखवताना तर सगळेच ठाम असतात, आणि त्या बाकड्यावर पोलिसांमध्ये कोण बसलंय ते कोणालाही कळतं की.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९८४ साली एका २२ वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. ती इतकी धीराची की त्याही वेळेला तिने ठरवलं, ह्याचा चेहरा लक्षात ठेवायचा. नंतर फोटोंमधून एक निवडला, मग ओळख परेडमध्ये परत तोच माणूस निवडला, आणि फोटो आणि परेड दोन्हीत असलेला तो एकटाच होता, म्हणजे परेडमध्ये तिने बहुतेक फोटोतला चेहराच ओळखला. कोर्टात तिची खात्री पक्की. मधे दुसऱ्या खटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणून उभा केला तर म्हणाली, ह्याला मी आयुष्यात बघितलेलं नाही. १९९५ साली डीएनए झाला तेव्हा ह्या दुसऱ्याचाच निघाला. आत गेलेला माणूस दहा वर्षांवर राहून बाहेर आला. पुढे ती आणि तो निर्दोष सुटलेला माणूस मिळून याच विषयावर ठिकठिकाणी बोलायला लागले, हे मला अजून नीट पचत नाही, मी तर त्या प्लास्टरवाल्या पोराशी एक शब्द बोलू शकले नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर दोनदा समोर आला होता.

मग ओळख परेड घ्यायची तरी कशी?

वेल्स यांनी १९७८ साली एक साधी विभागणी केली, मला ती फार आवडते. काही गोष्टी आपल्या हातात नसतात, म्हणजे अंधार होता, चोर लांब होता, हातात सुरा होता (सुरा असला की नजर सुऱ्याकडे जाते, तोंडाकडे नाही). काही गोष्टी यंत्रणेच्या हातात असतात, म्हणजे परेड कशी घेतली, काय विचारलं. पहिल्याबद्दल रडून उपयोग नाही, दुसरं उद्यापासून बदलता येतं.

बदल तसे बिनखर्चाचेच. परेड घेणाऱ्यालाच माहीत नसावं की संशयित कोण, म्हणजे डोळ्यानेसुद्धा इशारा जाणार नाही. साक्षीदाराला आधीच स्पष्ट सांगायचं की तो माणूस यात नसेलही, नसेल तर नाही म्हणा. नाहीतर माणूस काय करतो, रांगेतला त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा निवडतो. डमी, म्हणजे संशयिताबरोबर रांगेत उभी केलेली इतर माणसं, वर्णनाशी जुळणारे असावेत. ओळखल्या क्षणी साक्षीदाराच्याच शब्दांत खात्री लिहून घ्यायची. आणि सगळ्याचं रेकॉर्डिंग. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालात साधारण हेच सांगितलंय.

आपल्याकडे परेड पोलीस घेत नाहीत, नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी घेतात, हे चांगलंय. मुंबई हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये आहे की एका आरोपीसाठी निदान अर्धा डझन माणसं उभी करा. आता कागदावर अर्धा डझन असतात हो, पण आरोपी चार दिवसांच्या कोठडीतला, दाढी वाढलेली, चपला नाहीत, आणि डमी बाजूच्या टपरीवरचे इस्त्रीचे शर्ट घातलेले, तर मग काय ओळखायचं राहिलं? नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ५४ मध्ये व्हिडिओची तरतूद आहे, पण ओळखणारा साक्षीदार दिव्यांग असेल तेव्हाचीच. सगळ्यांसाठी का नाही, हा माझा प्रश्न.

न केलेला गुन्हा कोण कबूल करेल बे? मी तर मेलो तरी करणार नाही.

असं सगळेच म्हणतात, चहा पिताना.

सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीचल यांनी १९९६ साली कॉलेजच्या मुलांना कॉम्प्युटरवर टायपिंगला बसवलं आणि सांगितलं, काही झालं तरी ऑल्ट बटण दाबू नका, सगळं क्रॅश होईल. मग मुद्दाम क्रॅश करून मुलांवर आळ घेतला. कोणी दाबलं नव्हतं. तरी एकूण ६९ टक्के मुलांनी कबुलीवर सही केली, २८ टक्क्यांना तर खरंच वाटलं की आपणच दाबलं. आणि जिथं टायपिंग घाईचं होतं आणि शेजारी एक खोटा साक्षीदार "मी बघितलं" म्हणत होता तिथं झाडून सगळ्यांनी सही केली. मारहाण नाही, कोठडी नाही, उपाशी ठेवलं नाही, नुसता एक कॉम्प्युटर.

कबुली तीन प्रकारची येते म्हणतात. एक, कोणी न विचारता स्वतःहून, कधी भावाला वाचवायला, कधी डोकं ठिकाणावर नसतं म्हणून. दोन, माणसाला माहितेय आपण केलं नाही पण हे थांबावं म्हणून हो म्हणतो, आत्ता घरी जाऊ दे, कोर्टात सांगू खरं. तीन, सगळ्यात भयंकर, विचारून विचारून त्याला स्वतःलाच वाटायला लागतं की केलं असेल. कोवळी पोरं, झोप न झालेले, समज कमी असलेले, "हो साहेब" म्हणायची सवय लागलेले लवकर मोडतात. आईसलंडचे गिस्ली गुडजॉन्सन यांनी माणूस किती लवकर दुसऱ्याच्या म्हणण्यात येतो ते मोजायची पट्टीच तयार केली, ती ब्रिटनच्या कोर्टांत वापरली गेली. तिकडे गिल्डफोर्डच्या बॉम्बस्फोटात चौघांना १९७५ साली जन्मठेप झाली, पाया काय तर कबुलीजबाब, सुटले १९८९ ला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली पाच पोरं १९८९ ला पकडली, १४ ते १६ वर्षांची, त्यातल्या चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबूल केलं होतं, २००२ साली खरा गुन्हेगार स्वतःच बोलला आणि डीएनए त्याचाच निघाला.

लांब कशाला, आपल्याकडे २०१७ ला गुरुग्रामच्या एका शाळेत लहान मुलाचा खून झाला, दुसऱ्याच दिवशी बसचा कंडक्टर टीव्हीवर कबुली देताना अख्ख्या देशाने बघितला. सीबीआयने तपास घेतल्यावर तो सुटला, त्याचा संबंध नव्हता. आपण सगळ्यांनी मात्र त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर त्याला फाशी देऊन टाकली होती, मीही फॉरवर्ड केलं होतं.

पण पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही ना?

नाही चालत. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. इंग्रजांनासुद्धा कळलं होतं की ठाण्यात काय होतं.

पण एक खिडकी उघडी आहे. आरोपीने सांगितल्यावरून काही सापडलं तर तेवढा भाग चालतो. जुनं २७, आता त्याच २३ मध्ये. म्हणून तर चार्जशीटमध्ये नेहमी एक निवेदन पंचनामा असतो, "स्वखुशीने सांगितले की मी सदरचे हत्यार काढून देतो", आणि हत्यार झुडपातून निघतं. खरंच काढून दिलं असेल तर पक्का पुरावा, आधी सापडलेलं परत सापडवलं असेल तर काय? म्हणून पंच कोण आहेत ते बघा, तेच दोघं पाच केसमध्ये पंच असतील तर वकिलाला सांगा. आता बीएनएसएस १०५ मध्ये जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला सांगितलंय, ते मागायचंच.

नार्को टेस्ट करून टाका की, दूध का दूध.

नाही. जबरदस्तीने नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येत नाही, सुप्रीम कोर्ट, सेल्वी केस, २०१०. औषधाच्या गुंगीत माणूस खरंच बोलतो असं काही नाही, विचारणाऱ्याला हवं तेही बोलतो.

लॅब तरी खोटं बोलत नाही ना? फिंगरप्रिंट म्हणजे फिंगरप्रिंट.

मशीन बोलत नाही, माणूस बघून सांगतो. इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पाच अनुभवी फिंगरप्रिंट तज्ज्ञांना ठशांच्या जोड्या दिल्या आणि हळूच कानावर घातलं की ही ती गाजलेली चूक, एफबीआयने चुकीचं जुळवलेलं. खरं म्हणजे त्या जोड्या त्याच तज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी स्वतःच "जुळतात" म्हणून सांगितलेल्या होत्या. पाचातल्या चौघांनी आपलंच मत फिरवलं. ती गाजलेली चूक म्हणजे २००४ च्या माद्रिद स्फोटाची, एका अमेरिकन वकिलाला बॅगेवरच्या ठशावरून धरलं होतं आणि तो ठसा दुसऱ्याचाच निघाला.

उपाय इथंही साधाच, तज्ज्ञाला केसची गोष्ट सांगू नका, "आरोपीने कबूल केलंय, जरा बघून सांगा" असं पत्र लिहू नका, नुसते नमुने द्या. आता आपल्याकडे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या लोकांनी जागेवर जायचं आहे, बीएनएसएस १७६. चांगलंय, पण तिथं पोचेपर्यंत अर्ध्या गल्लीने पाय देऊन झालेला असतो हा वेगळा विषय.

सोलापूरचा याच्याशी काय संबंध?

असं कसं ओ. सेटलमेंट हा शब्द आपल्याकडे रिक्षावाल्यालाही माहितेय, सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणलं की सोडतो. पण ती फ्री कशापासून झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या, पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, आणि सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात ठेवून रोज हजेरी, गिरणीत काम. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन. कायदा गेला पण डोक्यातलं गेलं नाही, चोरी झाली की गाडी कुठल्या वस्तीत जाते ते सांगायला नको. आपल्या सोलापूरचे बाळकृष्ण रेणके हे भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते, २००८ ला अहवाल दिला, त्यात हा शिक्का कसा पुसला जात नाही ते आहे.

अभ्यासाच्या भाषेत याला बोगद्यातली नजर म्हणतात. एकदा संशयित ठरला की त्याच्या विरुद्धचं सगळं दिसतं, बाजूचं काहीच दिसत नाही. "रेकॉर्डवरचा" हा शब्दच बोगदा आहे. साहेबांच्या मोबाईलवरच्या त्या फोटोतला पोरगा रेकॉर्डवर कसा आला होता माहितेय? आधी असाच एकदा उचलला होता, सिद्ध काही झालं नव्हतं. लोकनीती-सीएसडीएस आणि कॉमन कॉज या संस्थांनी २०१९ ला २१ राज्यांतल्या जवळपास १२ हजार पोलिसांशी बोलून पाहणी केली, त्यात निम्म्याच्या आसपास पोलिसांना वाटत होतं की मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे वळतात. हे पोलिसांना शिव्या द्यायला सांगत नाही, आपल्या घरातही हेच बोलतात, फक्त आपल्या हातात बेड्या नसतात.

महाराष्ट्रातलीच केस बघा. जालना जिल्ह्यात भोकरदनला २००३ साली दरोडा, बलात्कार, खून. भटक्या जमातीतले सहा जण धरले. २००९ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठरवली. मग ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, कारण हल्ल्यातून जिवंत वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बममधून सुरुवातीला दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. सोळा वर्षं. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

आणि चार हुतात्म्यांचं विसरू नका. १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला, मंगळवार पेठेच्या चौकीवर पोलीस मारले गेले त्याबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांचा त्यात हात नव्हता असं सोलापूरकर पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. लोक खवळलेले, सरकारला घाई, कोणीतरी दोषी हवाच. अभ्यासक आज जी कारणं सांगतात त्यातली ही सगळी आपल्या चौकातल्या पुतळ्यांखाली उभी आहेत.

आमच्याकडे घरात तेलुगू बोलतात, जबाब मराठीत लिहितात, चालतं का?

चालतं, पण जपून. एका विडी कामगार बाईचं सांगते, पूर्व भागातल्या. शेजाऱ्यांचं भांडण, तिने जे बघितलं ते सांगितलं, "तगिलिंदी". तेलुगूत म्हणजे लागलं, धक्का बसला, मुद्दाम कोणी केलं असं त्यात नाही. जबाबात आलं "मारले". मला तिच्या पोरीने वाचून दाखवायला दिला तेव्हा आम्ही दोघी त्या एका शब्दावर अडलो. वरचा गाड्यांचा प्रयोग आठवा, चक्काचूर आणि लागल्या. तिथं नऊ मैलांचा फरक पडला, इथं कलमच बदलतं. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चारही चालतात, म्हणून जबाब तुमच्या भाषेत वाचून दाखवा म्हणायचं. आणि एक, पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, घ्यायचीच नसते, ते मागत असतील तर विचारा कशासाठी.

असं किती जणांना होत असेल?

अमेरिकेत सॅम्युअल ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ ला हिशोब मांडला की फाशीची शिक्षा सुनावलेल्यांपैकी निदान ४.१ टक्के निर्दोष असावेत, तेही हात राखून. आपल्याकडे असे लोक मोजणारी सरकारी वहीच नाही. आणि आपलं दुखणं निकालाच्या आधीच सुरू होतं, २०२२ च्या अखेरीला देशातल्या कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते, चार लाख चौतीस हजारांवर माणसं, ज्यांचा निकालच लागलेला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ ला देशभरातल्या फाशीच्या कैद्यांशी बोलून अहवाल काढला, त्यात चारातले तीन कैदी आर्थिकदृष्ट्या गरीब निघाले.

सुटल्यावर भरपाई मिळते का?

हक्काने नाही, नशिबाने. बिहारमध्ये एक माणूस १९६८ ला निर्दोष सुटला आणि तरी १४ वर्षं आतच राहिला, सुप्रीम कोर्टाने १९८३ ला ३५ हजार दिले. भोकरदनवाल्यांना प्रत्येकी ५ लाख. विनाकारण अटक करवली म्हणून बीएनएसएस ३९९ खाली मिळतात जास्तीत जास्त हजार रुपये, एवढ्यात आता चांगली सोलापुरी चादर पण बघून घ्यावी लागते. विधी आयोगाने २०१८ ला २७७ वा अहवाल दिला की यासाठी वेगळा कायदा आणि विशेष कोर्टं हवीत. अहवाल आहे, कायदा नाही.

तुमचं ऐकलं तर सगळे चोर सुटतील.

हा प्रश्न बहुतेक मागच्या रांगेतून येतो. उलट आहे हो, चुकीचा माणूस आत गेला की केस बंद आणि खरा बाहेर फिरतो. आणि कबुलीसाठी दम न देताही तपास होतो, इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात गिल्डफोर्डसारख्या केसेसनंतर पोलिसांना विचारपूस करायची नवी पद्धत शिकवली, आधी नीट बोलू द्या, मग त्याचं म्हणणं तपासा, खोटा पुरावा दाखवून घाबरवू नका. तिथले पोलीस काही घरी बसले नाहीत.

घरच्याला उचलून नेलं तर पहिलं काय करायचं?

रडणं नंतर. वही घ्या आणि वेळ लिहा. किती वाजता, कोण आले, कुठल्या ठाण्याला. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वैद्यकीय तपासणी करावी लागते, तिथं डॉक्टरला दुखतं ते स्पष्ट सांगायचं. वकील नसेल तर १५१०० ला फोन लावा किंवा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात या, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मग पुरावा गोळा करा, त्याच दिवशी. तो तेव्हा दुसरीकडे होता ना? एसटीचं तिकीट, दवाखान्याचं कार्ड, फोनपेची एन्ट्री, कारखान्याची हजेरी. दुकानांच्या सीसीटीव्हीवर थोड्याच दिवसांत नवीन चढतं, आठवड्याने गेलात तर हात हलवत याल. ठाण्यातही कॅमेरे असायला हवेत, सुप्रीम कोर्टाने २०२० ला सांगितलंय, फुटेज जपून ठेवा असा अर्ज वकिलाकडून लगेच द्या. त्या पोराला त्याच्या आईच्या पिशवीतल्या कार्डाने सोडवलं, माझ्या प्रामाणिकपणाने नाही.

आणि मीच साक्षीदार असेन तर?

घरी येऊन कोणाशी बोलायच्या आधी लिहून काढा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको, दुसऱ्याने सांगितलेला शर्टाचा रंग तासाभरात तुमचा होतो. एकच फोटो दाखवला तर म्हणा, अजून दाखवा. खात्री नसेल तर "सांगता येत नाही" हेही पूर्ण उत्तर आहे, साहेब वैतागले तरी.

आत्या अजूनही म्हणते तोच होता. दर संक्रांतीला तिळगूळ देताना विषय निघतोच, मी प्लास्टरचं सांगते, दवाखान्याच्या कार्डवरची तारीख सांगते, ती ऐकून घेते आणि म्हणते, "मी बघितलंय ना गं, ते भुवईवरची खूण." खुणेचं तिला मीच सांगितलं होतं.